राबिगा आपांनी घातलेला बर्फ

कारातासमध्ये हॉकी म्हटलं की ती बर्फावरचीच. दुसरी कसली असते हे आमच्याकडे कुणाच्या गावीही नाही. इर्तिश गोठली की पोरं काठ्या घेऊन नदीवर. राबिगाही तशीच वाढली. तिचा बाप तुर्सिनखान शिशाच्या कारखान्यात वेल्डर होता. त्यानं बुटांना पोलादी पाती जोडून दिली आणि तिला भावाच्या मागं सोडून दिलं. बघता बघता ती गावातल्या मुलांच्या संघाची गोलरक्षक झाली. बरी नव्हे, चांगली.

संघ रशियातल्या बर्नाउलला खेळायला निघाला त्या सकाळी मात्र प्रशिक्षकानं तिला बसमधून खाली उतरवलं. "पोरी, आता तू मोठी झालीस. तिकडं मुलींना कोण खेळवतंय? तू आपला बर्फावरचा नाच शीक."

राबिगा घरी आली. आईनं चहा पुढ्यात ठेवला तेव्हा एवढंच म्हणाली, "नाच तूच शीक म्हणावं त्याला."

पुढं ती शाळेत व्यायामशिक्षिका झाली, मालगाडी चालवणाऱ्या कैरोल्लाशी तिचं लग्न झालं, दोन मुलगे झाले. मुलगे हाताशी आल्यावर तिनं मुलींचा संघ काढायचं ठरवलं आणि घरोघर फिरायला लागली. आया दारातूनच विचारायच्या, "खेळताना दात पडले तर पोरीला करून कोण घेईल?"

"माझे दोन पडलेत," राबिगा ओठ वर करून दाखवायची. "आणि नवरा अजून पळून गेलेला नाही."

आया हसायच्या. हसली ती बाई चार दिवसांनी पोरीला पाठवायचीच. अशा गोळा झालेल्या पोरी मुलांचे जुने गुडघेपट्टे बांधून खेळायला शिकल्या. गोलात उभी राहायची अकमाराल, एका कसायाची मुलगी. अबोल, पण हट्टी.

या संघाच्या जोरावर राबिगानं क्रीडा खात्याचे उंबरे झिजवले आणि चौदा वर्षांखालच्या मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा कारातासला आणली. मंगोलियाचा संघ येणार, किर्गिझस्तानचा येणार, रशियातून बर्नाउलचा येणार. सगळं जमून आलं, आणि स्पर्धा चार दिवसांवर असताना बंदिस्त मैदानाचं बर्फ धरणारं यंत्र बंद पडलं. मैदानाचे संचालक गेनादी ल्वोविच गुडघ्याएवढे बूट घालून डबक्यात उभे होते.

"सुटा भाग यायला महिना लागेल, राबिगा तुर्सिनखानोव्ना. स्पर्धा रद्द. मी फोन करतो."

"कुणाला फोन करता? मंगोलियाच्या पोरी गाडीत बसल्यासुद्धा."

"मग मी काय करू? फुंकर मारून पाणी गोठवू?"

"तुम्ही नका मारू. बाहेर उणे पंचवीस आहे, ती थंडी मारील फुंकर. शाळेचं मैदान आहे ना!"

घरी कैरोल्लानं कपाळावर हात मारला. "आपल्या नळाला धड पाणी येत नाही, आणि ही निघाली मैदानाला पाणी पाजायला!" तरी फावडं घेऊन तो सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचला.

आईबाप आले, अग्निशमन दलाचा झुमाबेक बंब घेऊन आला. आधी हिम तुडवून घट्ट केलं, कडेनं त्याचेच बांध घातले. मग पाणी. इथं राबिगाचं चुकलं. दिवस थोडे म्हणून घाईघाईनं तिनं नळी पूर्ण सोडायला सांगितली. दुपारपर्यंत मैदान आरशासारखं दिसू लागलं. अकमारालनं पाय ठेवला आणि वरचा पापुद्रा फुटून तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. वरचं पाणी गोठलं होतं, खालचं मुरून गेलं होतं; खाली सगळं पोकळ.

 झुमाबेक म्हणाला, "भेगा बुजवून घेऊ या, आपा. वरून कुणाला कळणार आहे?"

"पोरीचा पाय मोडला की कळेल. फोडा सगळं."

"सगळं?"

"चूक माझी आहे. पहिला घाव मीच घालते." तिनं कुदळ उचलली. लोक कुरकुरले, पण एकेक करत कुदळी उठल्या. दुसऱ्या खेपेला झुमाबेकनं नळीचं तोंड आभाळाकडं धरलं. पाणी भुरभुरत खाली आलं आणि थरावर थर बसत गेला. बायांनी पिठाचे फुगीर गोळे, बाउर्साक, तळून आणले, दूध घातलेला चहा आणला. हातमोजे गोठून लाकडासारखे झाले होते, तरी कुणी घरी जाईना.

स्पर्धेच्या सकाळी राजधानीहून आलेले मुख्य पंच मैदानाला एक फेरी मारून आले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. "कडेला फळ्या नाहीत, हिमाचे बांध आहेत. नियमात बसत नाही."

राबिगा काही बोलणार तोच मंगोलियाची प्रशिक्षिका ओयुनचिमेग पुढं झाली. तिनं बर्फावर टाच आपटली, कान देऊन आवाज ऐकला. मग मोडक्यातोडक्या रशियनमध्ये म्हणाली, "आम्ही नदीवर शिकलो. हा बर्फ चांगला. नाही खेळवत, तर आम्ही पंचांशिवाय खेळतो."

किर्गिझ पोरी तोवर बुटांच्या नाड्या आवळायला लागल्या होत्या. पंचांनी खिशातून शिट्टी काढली.

राबिगाच्या पोरींनी मंगोलियाला हरवलं, किर्गिझ पोरींना कसंबसं हरवलं आणि अंतिम सामन्यात बर्नाउलपुढं उभ्या राहिल्या. तीनपैकी दोन खंड संपले तेव्हा कारातास दोन, बर्नाउल एक. तेवढ्यात नदीकडून वारा सुटला. हिमाचा भुगा थेट बर्नाउलच्या गोलरक्षक पोरीच्या तोंडावर यायला लागला. तिचा प्रशिक्षक, एक पोरगेलासा माणूस, पंचांकडं गेला. शेवटच्या खंडात मध्यावर बाजू बदलता येतील का? पंच म्हणाले, समोरच्यांची हरकत नसेल तर.

राबिगानं त्या पोरीकडं पाहिलं. ती हातमोज्यानं डोळे पुसत होती.

"बदला," राबिगा म्हणाली.

मध्यावर बाजू बदलल्या. आता वारा अकमारालच्या तोंडावर. तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. ती अडवत राहिली, आणि अगदी शेवटी एक फटका तिच्या पायांमधून गेला. बरोबरी. मग एकेकीनं मारायचे फटके, आणि त्यात कारातास हरलं.

अकमारालनं डोक्यावरचं शिरस्त्राण बर्फावर आपटलं. "आपा, तुम्ही बाजू बदलू दिल्यात म्हणून हरलो!"

"हो. म्हणूनच हरलो."

"मग कशाला दिल्यात?"

"नसत्या दिल्या तर वारा जिंकला असता. मला तुम्ही जिंकायला हव्या आहात."

"मला काही पटत नाही."

"नाही पटलं तर राहू दे. पण शिरस्त्राण उचल, फुटेल."

तिनं ते उचललं, पण बक्षीस समारंभात रुप्याचं पदक गळ्यात पडेपर्यंत राबिगाकडं पाहिलं नाही. मेजवानीत घोड्याच्या मटणाला तिनं हातही लावला नाही. राबिगा तिची समजूत घालायला गेली नाही. त्या रागाबद्दल तिला आदर होता.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना निरोप देऊन राबिगा मैदानावर आली. वारा अजून होताच. नदीच्या बाजूच्या गोलात कुणीतरी पूर्ण पोशाखात उभं होतं.

"या टोकाला वारा तोंडावर येतो, अकमाराल. पलीकडं जा."

"म्हणूनच इथं उभी आहे," अकमाराल म्हणाली. तिच्या आवाजात कालचा राग तसाच होता. "मारा, आपा. नुसत्या बघू नका."

राबिगानं काठी घेतली आणि जोर लावून पहिला फटका मारला. तो जाळीत गेला. दुसराही गेला. तिसरा अकमारालच्या हातमोज्यावर आपटून बाहेर उडाला.

"आणखी," ती म्हणाली.