'जातो' म्हणणारी माणसं

गेल्या शुक्रवारी सक्करदऱ्याच्या एका वाचनालयात मी एका म्हाताऱ्या लेखकाशी भांडायला गेलो होतो... आणि गप्प बसून परत आलो. मला ओळखणाऱ्यांना यातला दुसरा भाग खरा वाटणार नाही.

त्याचं गोष्टींचं पुस्तक माझ्या मैत्रिणीनं, प्रणालीनं दिलेलं. ती रविवारी नोकरीसाठी पुण्याला जाणार होती. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून बसलेल्या माझ्याकडे ती परत येणार की नाही, हे काही केल्या सांगत नव्हती. वर म्हणाली, आधी हे वाच, मग बोल.

वाचलं. नरखेडकडच्या संत्र्याच्या बागा, एसटी, सगळं ओळखीचं... पण माणसं घरातून निघताना चक्क 'जातो' म्हणतात. माझ्या तोंडून चुकून तसं निघालं तर आई दारातून परत बोलावते. "येतो म्हण बरं आधी."

तर लेखकाच्या कार्यक्रमात मी उभा राहिलो. "काका, आपल्याकडे जातो कोणी म्हणत नाही. तुमची माणसं काहून म्हणतात?" प्रणालीनं शर्ट ओढला. मी बसलो नाही.

काका चष्मा पुसत म्हणाले, "बरोबर पकडलं गा तू. आमचा पोरगा 'येतो बाबा' म्हणून मोटरसायकलवर निघाला होता. सावनेरपर्यंतच जायचं होतं त्याले..." मग चष्मा डोळ्यांवर चढवत, "तेव्हापासून तो शब्द मले लिहिता येत नाही."

मी बसलो.

घरी येऊन पुस्तक पुन्हा काढलं. तीच पानं... आणि आता दिसलं, की 'जातो' म्हणून निघालेला प्रत्येक माणूस गोष्ट संपायच्या आत घरी परततो. कोणी भिजून, कोणी भांडून, कोणी नुसती पिशवी विसरली म्हणून. जे त्या बापाच्या घरी झालं नाही, ते त्यानं गोष्टीगोष्टीत घडवून ठेवलंय.

लेखकाचं दुःख कशाला माहीत हवं, लिहिलेलं वाचा, असं म्हणणारे भेटतात. या, बसू एकदा. ते दुःख माहीत नव्हतं तेव्हा मला हे पुस्तक नुसतं चुकीच्या मराठीतलं वाटलं होतं.

रविवारी प्रणाली बसमध्ये खिडकीशी बसली. गाडी हलली तशी वाकून, माझ्याकडे बघत म्हणाली, "जाते मी."

एरवी डोकंच फिरलं असतं माझं... मी म्हटलं, "जाय वं."

काका, तुमचे आभार मानायचे राहिले. ती आली की दोघं मिळून मानू.