बूट वगळून सांगितलेली गोष्ट

कुंकू लावता लावता मी अख्खा कारखाना बंद पाडला.

आयुधपूजेचा दिवस. आनेकलच्या अलीकडे आमचा प्लॅस्टिकचे डबे काढणारा कारखाना. मशीन धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घातलेल्या. मी इथला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन, म्हणजे मेन पॅनेल माझं. त्याच्या एकेका बटणाला कुंकवाचं बोट लावत चाललो होतो. शेवटचं इमर्जन्सीचं. लाल. लालावर लाल दिसेना, म्हणून जरा दाबून लावलं.

खटकन मेन ब्रेकर पडला. दिवे गेले, पंखे गेले, भक्तिगीत अर्ध्यात तुटलं, मालकांचं भाषण माइकसकट गार. इतकी वर्षं वायरी ओढून ही माझी हुशारी.

लोक हसले. मीही हसलो. तोवर ठीक होतं.

अंधारात मॅनेजरचा आवाज आला, "ह्याला कुंकू लावायला कुणी सांगितलं?" मग मोबाइलचा झोत माझ्या पायांवर. "आणि पूजेच्या जागेत बूट? शू बिच्चो!"

कन्नडात 'बिच्ची' म्हणजे काढा. 'बिच्चो' म्हणजे काढ रे. मी त्याच्याहून वयानं मोठा.

"सर, फरशी आत्ताच धुतलीय. पॅनेल उघडायचंय. हे रबरी तळाचे बूट—"

"तुमच्या लोकांना देवाच्या जागेची समज कुठली असणार!"

तुमचे लोक. कामावर लागताना दिलेल्या कागदांत जातीचा दाखला होता. ऑफिसात तो सगळ्यांनी वाचला होता. लायसन्स कुणी वाचलं होतं की नाही, देव जाणे.

मी बूट काढले.

ओल्या फरशीवर नुसत्या मोज्यांनी उभा राहिलो आणि चारशे पंधरा व्होल्टचं दार उघडलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला तिथंच शिव्या घातल्या असत्या. दाबलेलं लाल बटण फिरवून सोडवलं, ब्रेकर खाली ओढला, वर ढकलला. उजेड आला.

उजेडात दिसलं. मागच्या रांगेत मालकांचे पाहुणे उभे होते. पायांत बूट. चकचकीत. त्यांना कुणी काही म्हणालं नव्हतं. आणि तो उजेड मीच लावला होता.

घरी गोष्टी सांगण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. त्या दिवशीही सांगितली. लाल बटण, लाल कुंकू, माइक हातात धरून 'हॅलो, हॅलो' करणारे मालक. पोरं लोळून हसली. "पप्पा, परत सांगा, परत!" परत सांगितली. दोन्ही वेळा बूट वगळून.

बायकोनं मोजे उचलले. "हे कसे भिजले?"

"पाणी सांडलं."

तिनं ते पिळून दोरीवर टाकले.

पोरं हसत होती आणि मला आबा आठवले. माझा बाप. निपाणीकडच्या आमच्या गावात एक गल्ली होती. तिथून जाताना आम्ही चप्पल हातात घ्यायची. आबा घरी येऊन सांगायचे, "आज चप्पल लई दमली होती. कडेवर घेऊन आलो बघा!" आम्ही भावंडं पोट धरून हसायचो. रोज तीच गोष्ट मागायचो.

बापाच्या अपमानावर आपण हसत होतो, हे कळायला माझे केस पिकावे लागले. आता माझी पोरं हसत होती. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंड धूत राहिलो. बराच वेळ.

या वर्षी पुन्हा पूजा. पुन्हा धुतलेली फरशी. आरती पॅनेलच्या आत दाखवायची, म्हणून दार उघडायचं. मॅनेजर सगळ्यांदेखत गोड आवाजात म्हणाला, "अण्णा, शू बिच्ची."

एका वर्षात 'ओ'ची 'ई' झाली होती. बूट मात्र माझेच निघायचे होते.

मी म्हणालो, "नाही काढणार."

"काय?"

"हे दार मी बुटांतच उघडतो. माझं लायसन्स तेच सांगतं. आणि बूट काढायचेच असतील तर मागच्या रांगेपासून सुरुवात करा."

भटजींची घंटा थांबली. पाहुणे आपापल्या पायांकडे बघायला लागले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण पाय बुटांच्या आत होते.

"उद्यापासून येऊ नका," मॅनेजर म्हणाला.

पॅनेलची किल्ली त्याच्या हातात दिली. आरतीच्या ताटात नाही, हातात. गेटपर्यंत बूट वाजवत गेलो. दुसरीकडे काम मिळेल, न मिळेल. आता कुठल्याही दारासमोर हे बूट मी दुसऱ्याच्या हुकुमानं काढणार नाही.

भर दुपारी घरी पोचलो. उंबऱ्यावर बसून बायकोला सगळं सांगितलं. गेल्या वर्षीचंही. ती बुटांकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "मोजे भिजले होते तेव्हाच मला कळलं होतं. पोरं खेळून येतील आता. त्यांना गोष्ट पहिल्यापासून सांगा. आणि अहो, या वेळी बूट वगळायचे नाहीत."