कॉलर धरली की सुटका नाही

गोचीड हे नाव तिला थोरल्या भावाने ठेवलं. लहानपणी भांडणात ती त्याच्या शर्टाला एकदा चिकटली की शर्ट फाटायचा, पण ती सुटायची नाही. शिवणकाम करणारी आई ते शर्ट सांधून सांधून कंटाळली आणि तिने पोरीला ज्युदोच्या क्लासला घातलं. "तिथले कपडे जाड असतात म्हणे," एवढंच कारण!

पण पोर काय चमकली! कॉलर हाती लागली की समोरची आडवी. बघता बघता ती देशात पहिली आली. मग परदेशी स्पर्धेच्या निवड चाचणीत अंग वळलं, गुडघा मात्र वळलाच नाही. कडकन आवाज झाला.

ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "चालाल, जिने चढाल. कुस्ती-बिस्ती विसरा."

"ज्युदो," ती एवढंच बोलली.

नंतर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. शेवटी आई उखडली. "गुडघा मोडलाय, जीभ नाही ना? मग शिकव की चार पोरींना!"

फर्निचरच्या कारखान्यावरची खोली घेऊन तिने जुन्या मॅट अंथरल्या. पहिल्याच आठवड्यात एक टेलिफोन ऑपरेटर पांढरी काठी टेकत जिना चढून आली.

"ताई, मला अजिबात दिसत नाही. शिकवाल?"

"त्यात काय! हे बघ, पाय असा..." गोचीड बोलून गेली आणि तिने जीभ चावली. ऑपरेटर खळखळून हसली.

कोपर कुठे, कंबर किती, सांगून सांगून गोचिडीचा घसा बसला, डाव काही बसेना. वैतागून एक दिवस तिने कमरेचा पट्टा स्वतःच्याच डोळ्यांवर बांधला, ऑपरेटरची बाही धरली, आणि थबकली. समोरचीचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना बाहीतून कळत होतं! इतकी वर्षं हे तिच्या हातांना ठाऊक होतं, तिला नव्हतं.

तिने आपली बाही ऑपरेटरच्या हातात दिली. "आत्ता! आत्ता मी हलले! कळलं?"

"कळलं ताई! टाकू?"

"टाक!"

ऑपरेटरने गुरूलाच धाडकन आपटलं. दोघी अशा किंचाळल्या की खालचा सुतार रंधा घेऊनच वर धावला.

दोन वर्षांनी अंध खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत ऑपरेटर अंतिम लढतीला उभी राहिली, तीही गतविजेतीसमोर. या लढतीत पंच दोघींना आधी एकमेकींची कॉलर आणि बाही धरायला लावतात, मगच सुरुवात. ऑपरेटर मागे मागे रेटली जात होती. मध्ये बोलायची परवानगी नाही, म्हणून गोचीड ओठ मिटून खुर्चीच्या कडेवर आली. गतविजेतीने पाऊल उचललं. ते टेकायच्या आत ऑपरेटर गर्रकन वळली, कंबर खाली, बाहीला हिसका, धप्प! पंचाचा हात सरळ वर. पूर्ण गुण!

हॉल दणाणला. गोचीड लंगडत धावली.

"ताई, कशी पडली? सांगा ना!"

"पाठीवर! सपशेल! अगं, दोन्ही पाय हवेत..." तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"परत सांगा!"

तिने परत सांगितलं. या खेपेला गतविजेती जरा जास्तच उंच उडाली.