मोतीबाईनं उतरवलेल्या बलिया

पुसदच्या अलीकडे रस्त्याला लागून एक जिनिंग होती. तिच्या क्वार्टरमध्ये आम्ही सहा वर्षं काढली. माझे यजमान नंदकिशोर तिथल्या ऑफिसात होते. हजेरीपासून सरकारी कागदांपर्यंत सगळं त्यांच्याकडे. मोतीबाई ही बायांची मुकादम. पन्नाशी उलटलेली, तांड्यावरची बंजारा बाई. आवाज असा, की सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या, रेच्यांच्या धडधडीतही शेवटच्या बाईपर्यंत पोचावा. दुपारच्या सुट्टीत ती आमच्या नळावर पाणी प्यायची आणि पायरीवर टेकायची. बाकीच्या बायांच्या हातात कोपरापासून खांद्यापर्यंत बलिया, म्हणजे जाड पांढऱ्या बांगड्या असत. नवरा जिवंत आहे तोवर त्या उतरत नाहीत. मोतीबाईच्या बारा वर्षांपूर्वीच उतरल्या होत्या, पण दंडावर फिकट वळ राहिले होते.

२००६ चा हंगाम. कापसाला भाव नव्हता, वावरातली मजुरी आटली होती, म्हणून तांड्यावरच्या बऱ्याच बाया त्या साली पहिल्यांदा जिनिंगमध्ये आल्या. रेच्यात कापूस टाकायचा, रुई आणि सरकी वेगळी होते, एवढंच त्यांना सांगितलेलं. रेच्याच्या बाजूनं पट्टा फिरतो. त्याच्यावरची जाळी मात्र कधीच काढून ठेवलेली. रुईचे तंतू तिच्यात अडकतात आणि ती साफ करायला यंत्र थांबवावं लागतं.

दसऱ्यानंतर नागपूरहून सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायला एक माणूस आला. अर्धा तास बोलला. भिंतीवर चित्र लावलं, त्यात टोपी-चष्मा घातलेली, पॅन्टमधली बाई.

"हे कोन वं? तहसीलदारीन का?" मागून कोणीतरी म्हणालं.

"दागिने, बांगड्या काढून काम करायचं," तो म्हणाला.

धनीबाई उठली. तीस-बत्तीसची, तोंडाची फटकळ. "साहेब, माहा धनी जित्ता हाय. त्याले मारता का कामावर येन्यासाठी?"

सगळ्या हसल्या, तोही हसला. मग ह्यांनी रजिस्टर पुढे केलं, बासष्ट आंगठे घेतले, आणि बासष्ट बाया बलियांसकट रेच्यावर गेल्या.

जानेवारीत रेच्यात कापूस अडकला. धनीबाईनं सवयीनं बाजूनं हात घातला आणि तिची बली पट्ट्यात गेली. काचेची बांगडी असती तर फुटली असती. बली जाड प्लास्टिकची, ती फुटली नाही. पट्ट्यानं हात ओढून नेला. यवतमाळला डॉक्टरांनी तो खांद्याजवळून काढला.

चौकशीला सरकारी साहेब आले तेव्हा ह्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. अनुक्रमांक एकोणीस, धनीबाई, आंगठा. तिला सांगितलं होतं, तिनं ऐकलं नाही, असं लिहून साहेब गेले. त्या दिवशी जेवताना ह्यांनी ताटातून मान वर केली नाही.

मोतीबाई मात्र दुसऱ्या दिवशी पायरीवर बसून म्हणाली, "वैनी, मीबी हासलो होतो. माह्या हातात बलिया न्हाईत, मले त्या दिवशी सांगता येत होतं. मी हासत बसलो."

त्याच आठवड्यात धनीबाईच्या रेच्यावर मोतीबाईची सून लालीबाई बसली. मोतीबाईनं मालकाला जाळी बसवायला सांगितलं. "सीझन संपू दे," मालक म्हणाले. दोनदा विचारलं, दोनदा तेच.

तिसऱ्या दिवशी सुट्टीत ती सुनेला घेऊन आमच्या अंगणात आली आणि माझ्याकडे साबण आणि लोखंड कापायची ब्लेडपट्टी मागितली.

लालीबाई रडत होती. "तुमचा पोरगा तिकडं ऊसतोडीले गेला हाय. तो जित्ता असून मी काहून उतरवू? लोक काय म्हन्तीन?"

"लोकायले म्हनू दे. धनीबाईले आता भाकर कोन करून देते, ते पाय."

माझ्याच्यानं बघवेना. म्हटलं, "मोतीबाई, मी काढते. तुमच्या हातून नको."

"न्हाई वैनी. माहा पोरगा हाय, हे पाप माह्याच माथी राहू द्या."

साबणानं काही निघाल्या, उरलेल्या तिनं कापल्या. एकेक तुकडा खाली पडताना ती काहीतरी पुटपुटत होती. देवाला की मुलाला, मला कळलं नाही. शेवटी लालीबाईचे दंड उघडे पडले. ती रडायची थांबली आणि पदर ओढून बसून राहिली.

तांड्यावर बोभाटा झाला. बायांनी लालीबाईशी बोलणं टाकलं. होळीला मोतीबाईचा मुलगा डोंगरसिंग गावी आला आणि त्यानं बायकोचे दंड पाहिले. पुढचं लालीबाईनंच मला सांगितलं.

"याडी, मले जित्तेपनी जाळलं का तू?" तो आईला म्हणाला.

"धनीबाईले पाहून ये, मंग बोल."

"धनीबाई आंधळ्यावानी हात घालते, माही बायको घालते का? दीड महिना झाला, काही झालं का तिले?"

लालीबाईला काहीच झालं नव्हतं, मग आईचं म्हणणं त्याला पटणार कसं?

दुसऱ्या दिवशी तो पुसदच्या बाजारातून नव्या बलिया घेऊन आला, स्वतःच्या हातानं बायकोला चढवल्या आणि परत उसावर गेला. आईच्या पाया पडला नाही.

सोमवारी लालीबाई बलिया घालून कामावर आली. मोतीबाईनं तिला रेच्यापाशी जाऊच दिलं नाही. बाहेर उन्हात कवडी, म्हणजे खराब झालेला कापूस निवडायला बसवलं. मालक ओरडले, "मग रेच्यावर कोण? तो बंद ठेवू का?"

"मी बसतो," मोतीबाई म्हणाली.

तिची मुकादमी गेली, दुसरी बाई मुकादम झाली. पुढच्या हंगामात आमची बदली झाली, तोपर्यंत मी तिला रोज त्याच रेच्यावर पाहिलं. पट्टा तसाच उघडा. दुपारी पाणी प्यायला येईनाशी झाली, कारण रेच्यावरच्या बाईला सुट्टी थोडी.

एकदा मीच तांब्या घेऊन गेले. म्हटलं, "मोतीबाई, तुमच्या हाताला काही झालं तर?"

"ह्या हातावर आता कोनाचा संसार न्हाई, वैनी," ती म्हणाली आणि दोन घोट पिऊन परत कापूस टाकू लागली.