सरगुंड्यांचं बोलावणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला तर नाहीच. सांगायला गेले की भलतंच बोलायला लागते – भाजी काय केली, बस किती उशिरा आली. आज तुम्हाला सांगून बघते.

माझं डोकं कधी गप्प बसत नाही. राहायला कोराडीच्या वसाहतीत, नवरा वीजकेंद्रात पाळीवर, मुलगा दहावीत, नरखेडकडे गावी ऑपरेशन झालेले वडील – आणि माझी नोकरी नागपुरात, एका कॉलेजच्या ऑफिसात. बसमध्ये बसले की सुरू. गॅस बंद केला का? केला. नक्की? वडिलांनी गोळी घेतली असेल का? लोक म्हणायचे, किती काळजी करते ही सगळ्यांची! मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आणि घरात सासूबाई. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, पण पाय घरात ठरत नसे. उन्हाळ्यात तर विचारूच नका. आमच्याकडे आमरसासोबत सरगुंडे लागतात – कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची आणि न तुटता अलगद सोडवायची. भल्याभल्यांना जमत नाही. सासूबाईंना जमायचं. आंबे आले की त्यांना घरोघरी बोलावणं. सकाळीच पदर खोचून निघायच्या, रस्ता ओलांडून पलीकडच्या क्वार्टरांकडे.

त्याच रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जातात. मी ऑफिसात बसून तो रस्ता बघत असायची – रोज, मनातल्या मनात. अकराला फोन करायची, एकला, तीनला. त्या उचलायच्या नाहीत. हात कणकेत, फोन कोण उचलणार? हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी अर्जांवर भलतेच शिक्के पडायचे, साहेबांची बोलणी खावी लागायची.

एक दिवस फोनवर फोन केले. शेवटी अर्धी रजा टाकली, ऑटो केला, रस्ताभर देवाचा धावा करत आले. तर पलीकडच्या क्वार्टरात सासूबाई बायकांच्या घोळक्यात बसलेल्या, कोपरापर्यंत पीठ – आणि हसत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "काहून आली वं इतक्या लवकर? बस, सरगुंडे खाऊन जा."

मला हायसं वाटायला हवं होतं ना? मला राग आला. माझा जीव टांगणीला लावून ही बाई हसते? इतकं मोकळं मी शेवटचं कधी हसले होते? तो राग काळजीचा नव्हता – एवढं कबूल करायलाच मला वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी मी त्या बायकांना एकेकीला गाठून सांगितलं – डॉक्टरांनी आईंना बाहेर पडायला मनाई केली आहे, बोलावू नका. त्यांच्यासमोर विषयही काढू नका, मनाला लावून घेतात. डॉक्टर खरं काय म्हणाले होते? हातपाय हलते राहू द्या, घरी बसवू नका. बायका भल्या होत्या. सगळ्यांनी माझं ऐकलं.

सासूबाई सकाळी तयार होऊन दाराशी बसायच्या. आंबे संपले. पुढचा उन्हाळा आला, तोही तसाच गेला. आणि मी? मी निवांत होते. अकराचा फोन त्या पहिल्या घंटीला उचलायच्या.

एका रविवारी गहू निवडता निवडता त्यांनी विचारलं, "मले कोनी बलावत नाही वं आता. हात बिघडला का माहा?"

एक वाक्य पुरलं असतं. ओठापर्यंत आलंही होतं. पण मग खोटं उघडं पडणार, नवरा काय म्हणेल, बायका काय म्हणतील – आणि पुन्हा तो रस्ता, ते ट्रक. मी म्हणाले, "वय झालं आता, आई. होतं असं."

त्यांनी गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग मान हलवून म्हणाल्या, "हो वं. तसंच असन."

त्यानंतर त्यांनी घरीही सरगुंडे केले नाहीत. नातू मागे लागला तर म्हणायच्या, "तुह्या मायले सांग, मले नाही जमत." बसून बसून पाय आखडले. मग खाट धरली. गेल्या वर्षी गेल्या.

बायका भेटायला आल्या. माझा हात धरून एकजण म्हणाली, "किती जपलं वं तू त्यायले." मी डोळ्याला पदर लावला. तेव्हाही बोलले नाही.

त्यांच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. हात बिघडला असं समजून त्या गेल्या – आणि तसं त्यांना मी सांगितलं होतं.