तार तुटंल

मला कुनाचीबी नक्कल जमते. साखर कारखान्याचा भोंगा, कोल्हारच्या एसटीतला कंडक्टर, आमच्या पाळकसाहेबांचं आमेनच्या आधीचं खाकरनं, सगळं. म्हनून गिटार हातात आली तवा वाटलं, हीबी एक नक्कलच की. ऐकायचं आन् तसंच वाजवायचं.

शिकवायला मावसभाऊ हुता. बेलापूरच्या आमच्या चर्चमधी गिटार तोच वाजवायचा. रविवारची भक्ती संपली की आमच्या घरी यायचा. स्वतःची गिटार कधी आनायचा न्हाई, माझ्याच गिटारीवर दाखवायचा. कागद न्हाई, पुस्तक न्हाई. "कान लाव," एवढंच. तारा सुरात लावायचं काम मात्र त्याचं.

"खुंट्यांना हात लावू नको हां. तार तुटंल."

"दादा, मला कान पिळायची सवयच न्हाई. पिळून घ्यायची हाय."

पोट धरून हसायचा. लई जीव हुता माझा त्याच्यावर.

नाताळात घरोघर गानी म्हनत फिरनाऱ्या मंडळीत मला गिटार वाजवायची हुती. दुसरं काय मागनं न्हवतं. पहिल्या तालमीला गानी बसवनाऱ्या मास्तरांनी पेटी धरली, मी सुरू केलं. दोन ओळींत पेटी थांबली.

"आरं, ही घोडेगावच्या बाजारातली म्हैस कोन रेकवतंय?"

सगळे हसले. मीबी म्हैस रेकून दाखवली. वाटलं, दादा आता सांगंल, घरी चांगलं वाजवतो म्हनून.

दादा म्हनला, "मी बोल्लो न्हवतो मास्तर? सूरच न्हाई त्याला."

मास्तरांनी माझ्या हातात खंजिरी दिली. दादाच्या गिटारीची तार गेल्ती, म्हनून त्यानं माझी उचलली. पेटीचा सूर घेतला, खुंट्या जरा जरा वर पिळल्या, आन् माझीच गिटार पेटीला जाऊन चिकटली. गानीबी तीच, मला शिकवलेली.

दर रविवारी हा मानूस माझ्या तारा पेटीपेक्षा खाली लावून जात हुता. एकट्याला कळनार कसं? शेजारी दुसरी गिटारच नसायची.

नाताळात टेम्पोत माझी गिटार दादाच्या गळ्यात आन् मी कडेला खंजिरी घेऊन. पोरं म्हनली, नकला कर. केल्या. दादाच म्हनला, "आता माझी कर की."

मी मान तिरकी केली, त्याच्यावानी लाडानं म्हनलो, "खुंट्यांना हात लावू नको हां. तार तुटंल."

"हुबेहूब!" म्हनून पोरं हसली. दादा तेवढा माझ्या गिटारीकडं बघत बसला.