आजोबांच्या पिशवीतलं मीठ

नातीचा हात धरून चाललेला कुणी आजोबा दिसला, की ते प्रकरण मला आजही हटकून आठवतं.

एका दुपारी आचोळ्याचं एक जोडपं धापा टाकत आमच्या पोलीस ठाण्यात आलं. आजोबांनी आठ वर्षांच्या नातीला शाळेतून परस्पर नेलं होतं आणि दोघांचाही पत्ता नव्हता. आजोबांचा फोन घरीच. मूल अल्पवयीन, म्हणून मी अपहरणाचा गुन्हा लिहायला घेतला.

"बाबांवर?" आजोबांचा मुलगा किंचाळला.

तेवढ्यात त्यांच्या बिल्डिंगखालचा दुकानदार खबर घेऊन आला. "साहेब, आजोबांनी सकाळी सुतळी, चाकू, काडेपेटी, बॅटरी नि शिट्टी घेतली. मला लक्षण ठीक नाही वाटलं."

मलाही वाटलं नाही. आमची सौ. म्हणते, दुधावर साय दिसली तरी यांना संशय येतो. मी दुकानदाराची कसून चौकशी सुरू केली.

"आणखी काय?"

"चिक्की. आणि खड्या मिठाची पुडी. म्हणाले, पोरीला रानात न्यायची तर पिशवीत हे सगळं हवंच."

सून रडायची थांबली. "मीठ जळवांसाठी! बाबा भुईगावला बावखलावर गेलेत."

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. आजोबांची तिथली वाडी विकूनच यांनी फ्लॅट घेतला होता. "तिला पोहता येत नाही हो," सून गाडीत एवढंच म्हणत राहिली.

वाडीत शिरताना लांबून शिट्टी ऐकू आली. पोरगी काठावर बसली होती, कोरडी ठणठणीत.

"पोलीसकाका, हळू! बगळा पुन्हा उडेल." मग तिने पिशवी उघडून दाखवली. "शिट्टी हरवलो तर. चाकू पेरूला. मीठ जळू चिकटली तर. पण एकपण आली नाही."

आजोबा समोर बघत होते. अर्ध्या बावखलात मातीचा भराव पडला होता. "पानीच राहिलं नाय, जळवा कुठून येनार?"

"बाबा, मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर गाडीतून आनलं असतंस. नि मागच्या खेपेसारखं दहा मिनिटांत 'चला' म्हनाला असतास."

मुलगा बूट काढून बापाशेजारी बसला. मीही घाई केली नाही.

पुढे कुणी म्हातारं माणूस हरवल्याची तक्रार आली, की वर्णन, कपडे, फोटो यांच्या आधी मी घरच्यांना विचारायचो, "मला कुठे घेऊन चला, असं ते म्हणत होते?" उत्तर बहुतेकांना ठाऊक असायचं. देताना मात्र ते माझ्याकडे बघत नसत.